माकडतापाच्या मागावर : पुण्याच्या विषाणू संस्थेची रानातली वाटचाल

१९५७ सालच्या मार्चमध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सागर आणि सोरब तालुक्यांतल्या रानालगतच्या गावांत तापाची साथ आली. ताप एकदम चढायचा, डोकं फुटेल असं दुखायचं, अंग पिळून निघायचं, काहींच्या हिरड्यांतून आणि नाकातून रक्त यायचं. विषमज्वर असावा असा आधी समज झाला. पण त्याच दिवसांत शेजारच्या रानात वानरं मरून पडत होती. माणसाचा ताप आणि वानराचं मरण यांचा काही संबंध आहे का, हे पाहायला पुण्याहून एक पथक त्या रानात गेलं. सोरब तालुक्यातल्या क्यासनूर नावाच्या जंगलातल्या वानरांपासून, तोवर कुणालाच ठाऊक नसलेला एक विषाणू हाती लागला आणि आजाराला त्या जंगलाचं नाव मिळालं. वैद्यकाच्या पुस्तकात तो क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. आपल्या सिंधुदुर्गात त्याला माकडताप म्हणतात.

पथक ज्या संस्थेचं होतं ती आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही. ‘नमुने पुण्याला पाठवलेत’ हे वाक्य कोरोनाच्या काळात घरोघरी पोचलं, तेव्हा ही संस्था लोकांना कळली ती काचेआडची, नखशिखान्त झाकलेल्या माणसांची. पण तिची पाऊणशे वर्षांची वाटचाल वाचत गेलं की लक्षात येतं, तिचा सर्वांत कसदार काळ रानात गेलेला आहे. वानरांच्या टोळ्यांवर नजर ठेवणं, मेलेलं जनावर कुजायच्या आत गाठणं, पाचोळ्यातल्या गोचिडी वेचणं आणि हे सगळं वर्षामागून वर्षं नोंदत राहणं. चिंपांझींवरचं आफ्रिकेतलं दीर्घकालीन संशोधन जगाला माहीत आहे, त्यावर पुस्तकं आहेत, चित्रपट आहेत. आपल्या दाराशी, आपल्याच माणसांनी केलेलं हे काम मात्र मराठी वाचकापर्यंत फारसं आलेलं नाही. म्हणून हा लेख.

संस्थेचा जन्म १९५२ चा. अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, यांनी मिळून पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ उभं केलं. डास, गोचिडी अशा चावणाऱ्या जीवांतून पसरणारे विषाणू शोधायचे, हा त्यामागचा हेतू. अशाच प्रयोगशाळा रॉकफेलरने त्रिनिदाद, ब्राझीलमधलं बेलेम, जोहान्सबर्ग अशा ठिकाणी काढल्या होत्या. पुण्याचं केंद्र त्या साखळीतलं भारतातलं ठाणं. पहिल्या काही वर्षांत त्यांनी देशभरच्या लोकांच्या रक्ताचे नमुने तपासून कोणकोणते विषाणू इथे वावरतात याचा अंदाज घेतला. जपानी मेंदूज्वराचा विषाणू भारतात आहे, हे त्याच काळात पुढे आलं.

अशा केंद्राच्या कानावर १९५७ मध्ये ‘माकडं मरताहेत आणि माणसांना ताप येतोय’ ही बातमी गेली तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा आला असणार. कारण दक्षिण अमेरिकेच्या जंगलात ही खूण पीतज्वराची मानली जाते. तिथे रानातली माकडं मरू लागली की माणसांत पीतज्वर येणार हे ओळखायचं. आशियात या आजाराची साथ कधीच आलेली नाही. तो पसरवू शकणारा डास मात्र भारतात घरोघरी आहे आणि लोकांच्या अंगात प्रतिकारशक्ती शून्य. आला असता तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. केंद्राचे तेव्हाचे संचालक टेलफोर्ड वर्क आणि रानातल्या रोगप्रसाराचे जाणकार हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांनी म्हणूनच वेळ दवडला नाही. विषाणू वेगळा काढून तपासला, तो पीतज्वराचा निघाला नाही. तो रशियातल्या, गोचिडींतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळातला निघाला. त्या पहिल्या अहवालांवर वर्क आणि ट्रॅपिडो यांच्या जोडीने मूर्ती, राव, भट, कुलकर्णी अशी नावं आहेत. साहेबाची संस्था म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्यांनी ती यादी जरूर पाहावी.

मग पुढचा प्रश्न आला. विषाणू कुळातून गोचिडींचा, तर गोचीड कोणती? आणि ती वानरापर्यंत, माणसापर्यंत पोचते कशी?

इथून केंद्राच्या सागर इथल्या क्षेत्रीय ठाण्याचं काम सुरू झालं. हे काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. पांढऱ्या फ्लॅनेलचं एक मोठं फडकं काठीला बांधायचं. रानातल्या पायवाटेच्या कडेने, झुडपांखालून, पाचोळ्यावरून ते सावकाश ओढत न्यायचं. अंगावरून जाणाऱ्या कुठल्याही जनावराला चिकटायला टपून बसलेल्या गोचिडी फडक्यालाच धरतात. ठरावीक अंतर गेलं की थांबायचं, फडकं उलटून उन्हाच्या दिशेने धरायचं आणि चिमट्याने एकेक गोचीड उचलून काचेच्या नळीत टाकायची. यातली अर्धवट वाढलेली पिल्लं खसखशीएवढी असतात, पांढऱ्या कापडावर असली तरच दिसतात. नळीवर जागा, तारीख, रानाचा प्रकार लिहायचा. ठाण्यावर परतल्यावर भिंगाखाली जात ओळखायची, एका जातीच्या गोचिडी एकत्र वाटायच्या आणि तो अर्क उंदरांच्या तान्ह्या पिल्लांना टोचायचा. पिल्लं आजारी पडली तर त्या नळीत विषाणू होता. तेव्हा आजच्यासारखी काही तासांत उत्तर देणारी यंत्रं नव्हती. एका नळीचं उत्तर मिळायला दिवस जायचे आणि नळ्या हजारोंनी असायच्या.

या चिकाटीतून ‘हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ नावाची गोचीड मुख्य वाहक म्हणून पकडली गेली. तिचं वर्षभराचं चक्रही उलगडलं. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात गुरांवर, सांबर-चितळांसारख्या मोठ्या जनावरांवर पोसते. तिची अंडी फुटून सहा पायांची पिल्लं पावसाळा सरता सरता पाचोळ्यात येतात. ती उंदीर-चिचुंदऱ्यांवर, पक्ष्यांवर, वानरांवर रक्त पितात. त्यानंतरची अवस्था, जिला शास्त्रज्ञ निम्फ म्हणतात, ती साधारण डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत रानात भरपूर असते आणि माणसाला चावते ती हीच. माकडतापाचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन पाऊस पडला की का संपतो, याचं उत्तर या चक्रात आहे.

आणि वानराचं काय? जमिनीवर उतरणाऱ्या वानराला गोचिडी चिकटतात. विषाणू असलेली एखादी चावली की थोड्याच दिवसांत वानराच्या रक्तात विषाणूंचा पूर येतो. त्या दिवसांत त्याच्या अंगावर रक्त पिणाऱ्या साऱ्या गोचिडी बाधित होतात. वानर मेलं की अंग थंड पडतं आणि गोचिडी त्याला सोडून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणजे मेलेल्या वानराभोवतीची जागा त्या हंगामात सगळ्यांत धोक्याची. तिथून सरपण गोळा करणारी बाई गेली, गुरं घेऊन पोरगा गेला की ताप आलाच. हे कोडं उलगडलं ते वानरांवर सतत नजर ठेवल्यामुळे. एखाद्या वर्षी येऊन नमुने नेणाऱ्याला ते सुटलं नसतं.

ही नजर किती बारीक होती याचा एक आकडा देतो. १९६४ ते १९७३ या काळात शिमोग्याच्या त्या पट्ट्यात १०४६ माकडांच्या मृत्यूंची नोंद झाली. त्यात ८६० काळतोंडी वानरं होती आणि १८६ टोपी माकडं, ज्यांना कोकणात केलडी म्हणतात. श्रीनिवासन, एच. आर. भट आणि पी. के. राजगोपालन यांनी हा हिशेब १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधीच्या, १९५७ ते १९६४ च्या साथींचा वेगळा लेख गोवर्धन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये लिहिला होता. दोन्ही मिळून सतरा हंगामांची वही. रानातलं जनावर मेलं की कोल्हे, तरस, गिधाडं आणि कुजणं यांच्या आधी माणसाने तिथे पोचावं लागतं. त्या काळात मोबाइल नव्हता, रस्ते नव्हते. म्हणजे एकेका नोंदीमागे गावातून आलेला निरोप, भर उन्हातली पायपीट आणि शवविच्छेदन करणाऱ्याने पत्करलेला जिवाचा धोका आहे. वन्य वानरांच्या आरोग्याच्या इतक्या सलग नोंदी त्या काळात जगात फार थोड्या ठिकाणी होत होत्या. मला या संस्थेचा अभिमान वाटतो तो आधी या वहीसाठी.

या कामात एक मोठा माणूस येऊन गेला, त्याच्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. होर्हे बोशेल हे कोलंबियाचे डॉक्टर. तरुणपणी आपल्या देशात पीतज्वर शोधताना त्यांनी लाकूडतोड्यांना झाड पाडताना पाहिलं. झाड कोसळलं तसे शेंड्यावर राहणारे निळसर डास त्या माणसांभोवती घोंघावू लागले. जमिनीवर कधी न सापडणारा वाहक झाडासोबत खाली आला होता. जंगलातला पीतज्वर लाकूडतोड्यांनाच का होतो, हे त्या एका दृश्याने सांगितलं. हेच बोशेल पुढे पुण्याच्या केंद्रात आले, शिमोग्याच्या रानात काम केलं आणि १९६९ मध्ये त्यांनी माकडतापाच्या परिसराबद्दल लिहिलं. त्यांचं म्हणणं असं: विषाणू या रानात फार पूर्वीपासून शांतपणे वावरत असावा. माणसाने रान तोडून शेती केली, वस्ती वाढली, रानाच्या कडेला घाणेरीची झुडपं माजली, त्यात गुरं चरायला सोडली. गुरांच्या अंगावर गोचिडी पोसल्या, बेसुमार वाढल्या, आणि शांत होता तो विषाणू भडकला. जवळपास साठ वर्षांपूर्वीचं हे निदान मी सिंधुदुर्गातल्या आजच्या काजूबागांशी ताडून पाहतो तेव्हा ते अजिबात जुनं वाटत नाही.

विषाणूचं रशियन कूळ पाहून एक वेगळीच शंका तेव्हा निघाली होती. सैबेरियातून हिवाळ्यात येणारे पक्षी तर तो घेऊन आले नसतील? त्यासाठी १९५९ पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पक्षी पकडायचे, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी काढायच्या, पायात क्रमांकाचं कडं घालून सोडून द्यायचं. पक्ष्यांनी विषाणू आणला, हे काही सिद्ध झालं नाही. पण भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल आज आपल्याला जे कळतं त्याचा मोठा पाया त्या कामात आहे. शिमोग्याच्या मेलेल्या वानरांचं हे ऋण पक्षीमित्रांनी मानावं असं मला वाटतं.

शिमोग्याच्या उत्तरेला धारवाडच्या आसपास त्याच सुमारास दुसरं एक पथक वानरांच्या मागे फिरत होतं. जपानचे युकिमारू सुगियामा १९६१ ते १९६३ या काळात तिथल्या काळतोंड्या वानरांच्या टोळ्या पाहत होते. पार्थसारथी हे भारतीय संशोधक त्यांच्यासोबत होते. १९६२ मध्ये सुगियामांनी पाहिलं, की बाहेरच्या नरांनी टोळी ताब्यात घेतली आणि पुढाऱ्या नराने आधीची पिल्लं मारली. वानरांच्या वागणुकीच्या अभ्यासात या निरीक्षणाने पुढे कित्येक वर्षं वाद पेटता ठेवला. हेच सुगियामा १९७६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत गिनीतल्या बोसू या गावी गेले आणि तिथल्या चिंपांझींचा दीर्घकाळ चाललेला अभ्यास त्यांनी सुरू केला. म्हणजे बोसूच्या चिंपांझींकडे जाणारी वाट धारवाडच्या वानरांवरून गेली आहे.

चिंपांझींचं काम इथे आणायचं कारण एवढंच, की दोन्हीकडच्या माणसांना कळलेली गोष्ट एक आहे. जेन गुडॉल १४ जुलै १९६० ला टांझानियातल्या गोम्बेच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा त्यांना चिंपांझी कसे वागतात हे पाहायचं होतं. १९६६ मध्ये आसपासच्या वस्तीतला पोलिओ चिंपांझींत आला, काही मेले, काही लुळे झाले, आणि गुडॉल यांनी केळ्यांत लस घालून उरलेल्यांना दिली. वागणूक पाहायला गेलेल्यांना आरोग्याकडे वळावंच लागलं. पुढे गोम्बेच्या चिंपांझींची विष्ठा गोळा करून त्यांच्यातल्या, एचआयव्हीच्या कुळातल्या विषाणूचा अभ्यास झाला. बाधित चिंपांझीला मृत्यूचा धोका निरोग्यापेक्षा १० ते १६ पट जास्त असतो हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. कोण कधी जन्मला, कधी मेला याची पिढ्यान्‌पिढ्यांची वही नसती तर हा आकडा निघूच शकला नसता. आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलात ख्रिस्तोफ बोश १९७९ पासून चिंपांझी पाहत होते. १९९४ मध्ये तिथे चिंपांझी मरू लागले. त्यांच्यातल्या एकाचं शवविच्छेदन करणाऱ्या संशोधिकेला इबोलाच्या एका नव्या प्रकाराची लागण झाली. ती वाचली. त्याच ताईमध्ये पुढे चिंपांझी सर्दी-खोकल्याने दगावले, आणि तो विषाणू त्यांना माणसाकडून गेला होता हे सिद्ध झालं. आज तिथले संशोधक तोंडाला मास्क लावून, अंतर राखून चिंपांझींजवळ जातात. आजार दोन्ही बाजूंनी चालत येतो, आणि तो आला हे आधी कळतं ते रोज तिथे असणाऱ्याला.

ताईच्या संशोधिकेसारखीच गोष्ट आपल्याकडे २०१२ मध्ये घडली. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलात मेलेली माकडं हाताळणाऱ्या, त्यांची विल्हेवाट लावणाऱ्या वनकर्मचाऱ्यांना माकडताप झाला. आणि संस्थेच्या इतिहासात तर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कितीतरी जणांना याच विषाणूची लागण झालेली आहे. तापाने फणफणलेले ते तंत्रज्ञ, प्राणिगृहातले कामगार यांची नावं कुठल्या शोधनिबंधावर नाहीत. विषाणू हवेतूनही अंगात शिरू शकतो, त्यामुळे साध्या प्रयोगशाळेत त्याच्याशी खेळणं म्हणजे विस्तवाशी खेळणं. पुढे अतिसुरक्षित प्रयोगशाळेची गरज भासली ती या अनुभवातूनही.

रॉकफेलरने हळूहळू अंग काढून घेतलं आणि संस्था पूर्णपणे आयसीएमआरची झाली. टी. रामचंद्र राव हे कीटकशास्त्रज्ञ तिचे पहिले भारतीय संचालक. १९७८ मध्ये ‘राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था’ हे नाव मिळालं तेव्हा धुरा डॉ. खोर्शेद पावरी यांच्याकडे होती, संस्थेच्या पहिल्या महिला संचालक. या दरम्यान आणखी बरंच काम झालं, त्यातलं एकच सांगतो: १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. वालुकामाशीतून पसरणारा तो चांदीपुरा विषाणू पुढे २००३ मध्ये आंध्रात लहान मुलांच्या जिवावर उठला.

माकडतापावर लस करायचा प्रयत्न लगेच सुरू झाला होता. रशियन मेंदूज्वराची लस आधी वापरून पाहिली, उपयोग झाला नाही. मग पुण्यात दंडवते आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भपेशींत विषाणू वाढवून, फॉर्मालिनने मारून लस तयार केली. १९९० ते १९९२ मध्ये कर्नाटकातल्या तीन जिल्ह्यांत ती तपासली तेव्हा एका मात्रेने ७९.३ टक्के आणि दोन मात्रांनी ९३.५ टक्के संरक्षण मिळाल्याचं दिसलं. ही लस कर्नाटकात वर्षानुवर्षं दिली गेली. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत दोन मात्रांचा परिणाम ६२.४ टक्क्यांवर आलेला होता. अखेर २०२२ मध्ये ती देणं थांबवलं. आयसीएमआरने आता इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीबरोबर नव्या लशीचं काम हाती घेतलं आहे.

माझी खंत वेगळी आहे. आजार शिमोग्यातल्या एका कोपऱ्यात होता तेव्हा रानातला पहारा कडक होता. तो फिरू लागला तेव्हा तितका कडक पहारा राहिलेला नव्हता. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नडातल्या बेळतंगडीत मोठी साथ आली. २०१२ पासून तर बंदीपूर, निलगिरी, वायनाड, २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीतलं पाळी, असं एकेक नाव जोडलं गेलं. २०१६ च्या जानेवारीत तो महाराष्ट्रात आला, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात केर गावी. पुढच्या हंगामात सावंतवाडी तालुक्यातल्या बांद्याच्या बाजूला. बहुतेक ठिकाणी निदान झालं ते माणसं तापाने फणफणल्यावर. वानरांची वही जर गोव्यापासून राधानगरीपर्यंत सह्याद्रीच्या रांगेने चालू असती तर काही घरांतली माणसं वाचली असती, असं मी ठामपणे म्हणेन.

संस्थेने स्वतः मात्र या काळात कात टाकली. डिसेंबर २०१२ मध्ये पाषाणला सर्वोच्च सुरक्षा पातळीची, म्हणजे बीएसएल-४ दर्जाची प्रयोगशाळा सुरू झाली. त्याच सुमारास देवेंद्र मौर्य, प्रज्ञा यादव आणि सहकाऱ्यांनी माकडतापासाठी रक्तातला विषाणू थेट ओळखणारी चाचणी आणि प्रतिपिंडांची चाचणी तयार केली. ज्या उत्तराला उंदरांच्या पिल्लांपुढे दिवस घालवावे लागायचे ते काही तासांत मिळू लागलं. गोव्यातल्या काजूबागेत राबणाऱ्या मजुरांना या आजाराचा धोका किती आहे, हेही संस्थेच्या संशोधकांनी जाऊन तपासलं. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले आणि त्यांत निपा विषाणूची प्रतिपिंडं सापडली. रानात जायची सवय संस्थेने सोडलेली नाही, ती वाढली पाहिजे. रोगनिदानाचं यंत्र पैसे टाकून आणता येतं. पण कुठल्या वळणावर वानरांची टोळी झोपते, यंदा तीत किती कमी झाली, हे सांगणारा माणूस दहा-वीस वर्षं एका जागी ठेवावा लागतो, त्याला पगार आणि मान द्यावा लागतो. केर-बांद्याच्या आशा सेविका, वनरक्षक, काजूबागायतदार यांना हाताशी धरून असा कायमचा पहारा सिंधुदुर्गात उभा करावा, अशी माझी आरोग्य खात्याला, वनखात्याला आणि एनआयव्हीला मागणी आहे.

हे मी बदलापुरात बसून का लिहितो आहे? माकडताप हा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचा आजार नाही. पण गिरणगावातल्या चाळी सोडून इथल्या इमारतींत आलेल्या घरांत सिंधुदुर्गातली घरं मोठ्या संख्येने आहेत. शिमग्याला आणि मे महिन्यात दिव्याहून सुटणारी सावंतवाडीची गाडी आमच्या लोकांनी भरून जाते. तेच दिवस काजूचे आणि तेच दिवस माणसाला चावणाऱ्या निम्फचे. चावल्यापासून ताप यायला साधारण ३ ते ८ दिवस लागतात. म्हणजे गोचीड बांद्याच्या बागेत चावणार आणि ताप चढणार तो बदलापूरच्या घरात. इथला डॉक्टर डेंगी, मलेरिया तपासणार, दोन्ही नाही म्हटल्यावर गोंधळणार. तापाचा पहिला भर ओसरल्यावर एक-दोन आठवड्यांनी तो उलटूही शकतो आणि तेव्हा मेंदूवर परिणाम होण्याची भीती असते. दगावणाऱ्यांचं प्रमाण ३ ते ५ टक्के. खास औषध नाही, वेळेवर दाखल होऊन नीट शुश्रूषा मिळणं हाच उपचार.

तेव्हा गावाला जाणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो. दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या बागेत किंवा रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायात बूट घाला, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रात मिळणारं गोचीड प्रतिबंधक तेल लावा, पाचोळ्यावर बसू नका. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा, मुलांच्या काखा, मान, कानामागची जागा नीट पाहा. मेलेलं वानर किंवा केलडं दिसलं तर त्याला हात लावू नका, पुरू नका, जाळू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला, ग्रामपंचायतीला किंवा वनरक्षकाला कळवा. आणि परत आल्यावर पंधरा दिवसांत ताप आला, तर उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जा किंवा गल्लीतल्या दवाखान्यात, डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की आम्ही सिंधुदुर्गात, रानाच्या कडेच्या गावी जाऊन आलो आहोत. माकडताप माणसापासून माणसाला होत नाही, त्यामुळे सांगायला घाबरायचं काही कारण नाही.